नवी साधने, जुन्या लेन्स आणि पुण्यातील प्रकाश: हौशी छायाचित्रकाराच्या प्रयोगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारी हौशी मंडळी एकमेकांना भेटली की काही प्रश्न हमखास निघतात. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ती छंदापुरत्या प्रयोगांची आहेत. लग्नसमारंभ किंवा जाहिरातींचे व्यावसायिक काम करणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नवीन लेन्स हाती आल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

सिंहगडाकडे धाव घेण्याआधी घराजवळच एक कंटाळवाणी चाचणी उरकून घ्यावी. बारीक पोत असलेली सपाट भिंत त्यासाठी उत्तम असते, आणि काळ्या दगडाच्या अशा भिंतींची पुण्यात वाण नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीशी अगदी समांतर ठेवावा, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करावे, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा आणि लेन्सच्या सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरपासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉपने, म्हणजे दरवेळी प्रकाश निम्मा करत, छायाचित्रे घ्यावीत; अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत सोडणारे छिद्र, आणि एफपुढचा आकडा वाढला की ते लहान होते. मग संगणकावर चारही कोपरे पूर्ण आकारात पाहावेत. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो त्या लेन्सचा स्वभाव समजावा. एकच कोपरा इतर तिघांपेक्षा ठळकपणे मऊ असेल, तर आतील एखादे भिंग तिरपे बसलेले असण्याची शक्यता असते आणि अशी लेन्स परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. एफ/१६ च्या आसपास सगळेच चित्र पुन्हा किंचित मऊ होते, त्यात लेन्सचा दोष नसतो. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा तो परिणाम असतो.

या चाचणीचा खरा उपयोग निकालापेक्षा सवयीत आहे. विषय तोच, वेळ तीच, प्रकाश तोच आणि बदल एकच, ही शिस्त पाळली नाही तर चित्र सुधारले ते नव्या लेन्समुळे की पावसाने हवा धुऊन निघाल्यामुळे, हे कधीच कळत नाही. पुढील बहुतेक उत्तरांत हीच शिस्त गृहीत धरली आहे.

फुल फ्रेम कॅमेरा घेतल्याशिवाय प्रयोगांना अर्थ आहे का?

आहे. फुल फ्रेम सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. या फरकामुळे मंद प्रकाशात सुमारे एका स्टॉपचा लाभ मिळतो आणि पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते. लाभ खरा आहे. पण पैसे मोजके असतील तर एक चांगली लेन्स, एक स्थिर ट्रायपॉड आणि एक फ्लॅश यांनी जितके नवे शिकायला मिळते तितके केवळ सेन्सर बदलून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसतात का?

बसतात, आणि हौशी माणसासाठी याहून स्वस्त आणि रंजक प्रयोग शोधून सापडणार नाही. मात्र यामागचे गणित समजून घ्यावे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्स जेथे अडकवली जाते त्या कड्यापासून, म्हणजे माऊंटपासून, सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. जुन्या एम४२ लेन्ससाठी, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी फिरवून बसवायच्या लेन्ससाठी, हे अंतर ४५.४६ मिलिमीटर आहे. सोनी ई माऊंटमध्ये ते १८, निकॉन झेडमध्ये १६ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर आहे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे हे अंतर लहान असते आणि उरलेली जागा अ‍ॅडॉप्टरची पोकळ नळी भरून काढते. सोनीसाठी ती २७.४६ मिलिमीटरची होते. त्या नळीत काच नसते, त्यामुळे चित्राची गुणवत्ता घटत नाही.

याच गणिताने एक जुना गोंधळही सुटतो. कॅननच्या ईएफ माऊंटच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात, हे अंतर ४४ मिलिमीटर असल्याने एम४२ लेन्स पातळ अ‍ॅडॉप्टरने व्यवस्थित चालते. निकॉनच्या एफ माऊंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, म्हणजे लेन्सला हवे त्याहून जास्त असल्याने काच नसलेल्या अ‍ॅडॉप्टरने दूरच्या वस्तूंवर फोकसच होत नाही. अ‍ॅडॉप्टर विकत घेताना विक्रेता हे सांगेलच याची खात्री धरू नये.

सुरुवातीला बहुतेक जण सोव्हिएत बनावटीच्या हेलिओस ४४ मालिकेतील ५८ मिलिमीटर एफ/२ लेन्सकडे वळतात. जर्मन झाइस बायोटारच्या धर्तीवर घडवलेल्या या लेन्समध्ये पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला मागची पाने गोल फिरल्यासारखी दिसतात. हा परिणाम कोठेही मिळत नाही; माणूस जवळ, त्याच्या मागे काही अंतरावर दाट पानांतून गळणारा प्रकाश, अशी मांडणी लागते आणि एम्प्रेस गार्डनमधील जुन्या झाडांखाली ती सहज जमते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर मात्र चित्राच्या कडा कापल्या जातात, त्यामुळे गोल फिरण्याचा बराचसा भाग चौकटीबाहेर राहतो.

वापरताना तीन गोष्टी कराव्या लागतात. मेनूमध्ये लेन्स जोडलेली नसतानाही शटर चालण्याची परवानगी द्यावी. कॅमेऱ्याच्या अंगचे स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) स्वतः भरावी. आणि फोकसमधल्या कडांवर कॅमेरा उमटवतो त्या फोकस पीकिंगच्या रंगीत रेषांवर विसंबून न राहता चित्र मोठे करून फोकस ठरवावा, कारण एफ/२ ला त्या रेषा डोळ्यांऐवजी पापण्यांवरही तितक्याच आनंदाने उमटतात. अशा लेन्सचे अ‍ॅपर्चर चित्राच्या माहितीत नोंदले जात नाही. तुलना करायची असेल तर वहीत लिहून ठेवावे.

जुन्या बाजारात लेन्स घेताना काय पाहावे?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारणाऱ्याला कधीमधी एखादी बरी लेन्स दिसते, पण तिची परीक्षा जागेवरच करावी लागते. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने धरून समोरून तिरके पाहावे: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. सर्वत्र धुके पसरल्यासारखे दिसले तर भिंगांचा चिकटवा किंवा आतील वंगण बिघडले आहे. थोडीशी धूळ मात्र चित्रात दिसत नाही, तिच्यासाठी सौदा मोडू नये. अ‍ॅपर्चरची पाती कोरडी असावीत आणि झटक्यात हलावीत. काही जुन्या लेन्सची काच पिवळसर दिसते. पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटर एफ/१.४ सुपर टाकुमारसारख्या लेन्समध्ये थोरियमयुक्त काच वापरलेली असल्याने ती कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात काही काळ ठेवल्यास बरीच निवळते.

जुने फ्लॅश मात्र स्वस्त मिळाले तरी थेट नव्या कॅमेऱ्यावर लावू नयेत. त्यांतील काहींच्या संपर्कबिंदूंवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्याचे सर्किट कायमचे निकामी होऊ शकते.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून काय करावे?

हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते, आणि जून ते सप्टेंबर या काळात पुण्यातील बंद कपाटात ते आपोआप तयार होते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्याने काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. कॅमेऱ्याची कापडी किंवा चामडी पिशवी ही साठवणुकीची जागा नव्हे, कारण ती ओल धरून ठेवते. सर्वांत सोपा उपाय असा की, लेन्स वापरत राहावी.

एनडी फिल्टरने पाणी दुधासारखे दिसते, ते पुण्यात कोठे आणि कसे करून पाहावे?

एनडी फिल्टर म्हणजे फक्त प्रकाश कमी करणारी काळसर काच. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे १,००० पटींनी कमी करतो. फिल्टरविना १/६० सेकंद पुरत असेल तर फिल्टरसह साधारण १७ सेकंद लागतात. सहा स्टॉपचा फिल्टर ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे तेच एक्स्पोजर सेकंदभराचे होते. पहिल्याच खरेदीत दहा स्टॉपचा फिल्टर घेण्याचा मोह अनेकांना होतो. वाहत्या पाण्यासाठी मात्र सहा स्टॉपचाच अधिक उपयोगी पडतो, कारण अर्धा ते दोन सेकंदांत पाण्याच्या धारा दिसत राहतात, तर पंधरा-वीस सेकंदांत त्यांचे सपाट धुके होते. दहा स्टॉपचा फिल्टर ढगांसाठी राखून ठेवावा.

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठा नदी दुथडी भरते आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. अशा वेळी नदीपात्रात उतरू नये. उंच पुलाच्या पदपथावरून हा प्रयोग करता येतो; मात्र वाहने गेली की पूल थरथरतो आणि ट्रायपॉड कितीही जड असला तरी ती थरथर चित्रात उतरते. काठावरची पक्की जागा निवडणे केव्हाही चांगले.

क्रम असा ठेवावा: आधी चौकट ठरवावी, फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा, मग फिल्टर लावावा. डीएसएलआर असेल तर पाहण्याची खिडकी झाकावी, अन्यथा मागून शिरलेला प्रकाश चित्रावर पट्टा उमटवतो. फिरवून गडद करता येणाऱ्या व्हेरिएबल फिल्टरमध्ये दोन ध्रुवीकारक काचा असतात. त्या टोकापर्यंत फिरवल्यास रुंद लेन्सवर चित्रात काळी फुली उमटते, म्हणून दोन-चार स्टॉप राखूनच त्यांचा वापर करावा.

अगदी जवळून चित्र घेणारी मॅक्रो लेन्स महाग आहे. दुसरा मार्ग कोणता?

एक्स्टेन्शन ट्यूब हा सर्वांत चांगला मार्ग आहे. या पोकळ नळ्या लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसतात. दूरवर फोकस केलेल्या लेन्सला नळी लावल्यावर मिळणारे प्रतिमावर्धन म्हणजे नळीची लांबी भागिले फोकल लेंथ. म्हणजेच ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकाराची पडते आणि ५० मिलिमीटरची नळी लावली की मूळ आकाराची. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. मूळ आकाराला एफ/८ चे अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात एफ/१६ सारखे वागते. विद्युत संपर्क असलेल्या नळ्या थोड्या महाग असल्या तरी त्याच घ्याव्यात, कारण त्यांच्याविना नव्या लेन्सचे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. लेन्स उलटी बसवण्याचे कडेही मिळते. ते स्वस्त आहे, पण त्यात लेन्सचा मागचा भाग धूळपावसाला उघडा पडतो.

विषयांसाठी फार लांब जावे लागत नाही. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर मखमली लाल मृगाचे किडे मातीतून वर येतात. त्यांचा रंग इतका गडद असतो की कॅमेऱ्याचा लाल चॅनेल लवकर ओसंडतो आणि मखमलीचा पोत नाहीसा होऊन नुसता लाल डाग उरतो. हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) रंगनिहाय पाहून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावे. किडा चालत असतो, त्यामुळे अनेक छायाचित्रांचे फोकस एकत्र जोडण्याचे तंत्र येथे चालत नाही. जमिनीलगत कोपर टेकवून, फोकस स्थिर ठेवून, स्वतःच सावकाश पुढे-मागे झुकत छायाचित्रे घ्यावीत. प्रकाशासाठी लहान फ्लॅश आणि त्यापुढे पांढऱ्या कागदाचा किंवा पातळ फोमचा पडदा पुरतो. किड्याला उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणे टाळावे. फोकस जोडण्याचे तंत्र शेवाळ, बुरशीच्या छत्र्या आणि वारा नसताना रानफुले यांच्यासाठी वापरावे.

गणपतीच्या मिरवणुकीत चित्रांवर आडवे पट्टे का येतात?

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. शटरचा वेग १/१०० सेकंदाहून जास्त ठेवला की चौकटीच्या वेगवेगळ्या भागांना त्या चक्राचे वेगवेगळे तुकडे मिळतात आणि पट्टे दिसू लागतात; १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास पूर्ण चक्रे मोजली जाऊन पट्टे जातात. इलेक्ट्रॉनिक शटर बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचते, त्यामुळे पट्टे अधिक ठळक होतात आणि ढोलावर पडणारे टिपरूही वाकलेले दिसते. मिरवणुकीत यांत्रिक शटरच वापरावे. रोषणाईच्या एलईडी भिंती मात्र वेगळ्याच, बऱ्याच जास्त वारंवारतेने लुकलुकतात. त्यांच्यासाठी काही नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग अगदी बारीक टप्प्यांनी बदलण्याची सोय असते, ती तेथेच उभे राहून जुळवावी लागते.

१/१०० सेकंदाला वादकाचे हात हलतात, ही अडचण मानण्यापेक्षा तिचा उपयोग करावा. चेहरा स्थिर आणि हात धूसर असे चित्र लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या गजराच्या अधिक जवळ जाते, असे मला वाटते. आणखी पुढे जायचे असेल तर १/१५ सेकंद आणि शटर मिटताना उडणारा फ्लॅश, म्हणजे रिअर कर्टन सिंक, वापरून पाहावा. परंतु जवळून थेट डोळ्यांवर फ्लॅश मारून वादकाचा ताल बिघडवू नये.

लेझरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरचे बिंदू किंवा रांगा कायमच्या जळू शकतात. मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे धोका अधिक. लेझर फिरत असतील तेथे कॅमेरा खाली करावा. गुलाल उडत असताना लेन्स बदलू नये. घरी आल्यावर आधी हवेच्या पंपाने गुलाल उडवावा, ओले फडके अजिबात लावू नये, कारण ओला गुलाल सांध्यांत जाऊन बसतो.

पुण्याजवळून आकाशगंगेचे छायाचित्र घेता येते का?

येते, पण दिशा आणि महिना जमून यावे लागतात. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग पुण्याच्या अक्षांशावरून दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांपर्यंत चढतो. युरोपातील छायाचित्रकारांना हेवा वाटावा अशी ही उंची आहे. फेब्रुवारीअखेर तो पहाटे उगवलेला दिसतो, मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास वर येतो, आणि जून ते सप्टेंबर ढगांनी आकाश व्यापल्यावर ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला थोडा वेळ उरतो. म्हणून मार्च ते मे मधील अमावास्येच्या आसपासच्या रात्री राखून ठेवाव्यात. शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला, म्हणजे वेल्ह्याच्या बाजूला गेले की पुण्याच्या दिव्यांची आभा पाठीशी राहते. उत्तरेला गेले तर तीच आभा नेमकी चौकटीत येते, मग तेथील आकाश कितीही गडद असो.

एक्स्पोजरसाठी ५०० चा नियम सुरुवातीला पुरतो: ५०० ला फुल फ्रेमच्या तुल्य फोकल लेंथने भागावे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर म्हणजे २४ मिलिमीटर तुल्य, म्हणून सुमारे २० सेकंद. आजच्या दाट सेन्सरवर तेवढ्यातही तारे किंचित लांबतात, तेव्हा १२ ते १५ सेकंद ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० करणे बरे. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा हव्या असतील तर उत्तरेकडे तोंड करावे. ध्रुवतारा पुण्यातून अवघा साडेअठरा अंश वर असतो, त्यामुळे एखाद्या गडाचा बुरूज त्याच्याखाली आणणे सोपे जाते. गडांवर रात्री थांबण्यास अनेक ठिकाणी मनाई असते. पायथ्याच्या गावात विचारून, शेतमालकाच्या परवानगीने मोकळ्या जागेत ट्रायपॉड लावावा.

इन्फ्रारेड छायाचित्रणासाठी कॅमेरा उघडून बदल करावाच लागतो का?

प्रयोगापुरता नाही. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर नेहमीच्या कॅमेऱ्यावर लावूनही चित्र मिळते, मात्र सेन्सरसमोरची काच इन्फ्रारेड किरण अडवत असल्याने भर उन्हातही अनेक सेकंदांचे एक्स्पोजर लागते. आपला कॅमेरा कितपत अनुकूल आहे हे पाहण्यासाठी टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबावे. पडद्यावर पांढरट ठिपका ठळक दिसला तर आशा आहे. हिरवी पाने इन्फ्रारेड प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या हिरव्यागार टेकड्या शुभ्र आणि आकाश काळे उतरते. सप्टेंबरअखेरची वारा नसलेली, स्वच्छ उन्हाची दुपार यासाठी निवडावी. एप्रिलमधील वाळलेल्या गवतावर हा फिल्टर वाया जातो.

वाड्यात किंवा जुन्या देवळात प्रकाश अपुरा असतो. फ्लॅश कसा वापरावा?

छतावरून प्रकाश परतवण्याचा नेहमीचा उपाय वाड्यात फसतो, कारण तुळया आणि तक्तपोशी काळसर तपकिरी असतात. त्या प्रकाश गिळतात आणि जो परत येतो त्याला तांबूस छटा देतात. फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून पांढऱ्या भिंतीवर किंवा छत्रीत सोडावा. ताकदीचा अंदाज गाइड नंबरवरून येतो: आयएसओ १०० ला ४० मीटर गाइड नंबर असेल तर ५ मीटरवरच्या माणसासाठी एफ/८ पुरते. देवळाच्या गाभाऱ्यात मात्र फ्लॅश लावूच नये. खांबाला पाठ टेकवून, श्वास रोखून, स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर १/८ सेकंदाला घेतलेले चित्र समईचा उजेड जपते.

ट्रायपॉड कोठेही लावता येतो का?

नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके आहेत आणि तेथे ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते. लष्करी हद्दीत छायाचित्रणच टाळावे. पुण्यात ती हद्द अनेकदा फलकावाचून लक्षात येत नाही, म्हणून फलक वाचावेत.

रॉ की जेपीईजी?

प्रयोगासाठी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. पांढऱ्या रंगाचा समतोल नंतर बदलता येतो आणि तुलना प्रामाणिक राहते.

चित्रात आकाशावर तेच ते काळे ठिपके दिसतात. लेन्स खराब झाली आहे का?

बहुधा ती सेन्सरवरची धूळ आहे. खात्रीसाठी एफ/१६ ला निरभ्र आकाशाचे चित्र फोकस बिघडवून घ्यावे, लेन्स बदलून पुन्हा घ्यावे. ठिपके जागच्या जागी राहिले तर धूळ सेन्सरवर आहे. आधी मेनूतील स्वयंचलित स्वच्छता चालवावी. त्याने भागले नाही तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून हवेच्या रबरी पंपाने आत वारा मारावा. तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे कण धुळीपेक्षा चिवट असतात. डब्यातील दाबलेली हवाही वापरू नये. चिकट डाग उरलाच, तर सेन्सरच्या मापाचा स्वॅब आणि त्यासाठीचाच द्रव यांनी, पूर्ण भरलेली बॅटरी घालून, एका दिशेने एकदाच पुसावे. हात थरथरत असेल तर हे काम सेवाकेंद्राकडे सोपवावे.